इंजिनाची छावणी : पावसाळ्यात होडीचं मशीन झोपवायचं कसं, आणि हे आपल्याला शिकवलं कोणी?

हेडफोन नीट लावा, कारण आज आपण थेट समुद्रात सुरुवात करणार आहोत.

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑगस्टचा पहिला आठवडा. मासेमारीबंदी उठून चार दिवस झालेत. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावच्या खाडीतून काकांची फायबरची होडी बाहेर पडतेय. होडीत काका, त्यांचा एक जोडीदार आणि मी. मी म्हणजे एरवी पुण्यात लॅपटॉपसमोर बसणारा माणूस, पण त्या महिन्यात वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली गावी आलेला.

मागे आउटबोर्ड मोटर मस्त आवाज करतेय. खाडीचं मुख येतं, तिथे लाटा फुटतायत. पहिली लाट गेली. दुसरी गेली. तिसऱ्या लाटेला मोटर खोकली. एकदा, दोनदा, आणि बंद.

ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना सांगतो, खाडीच्या मुखाशी इंजिन बंद पडणं म्हणजे हायवेवर गाडी बंद पडणं नाही. गाडी निदान जागेवर तरी राहते. होडी फिरते, आडवी होते, आणि पुढची लाट बाजूने येते. मी काहीतरी बोलायला लागलो. काका फक्त एवढंच म्हणाले, "बोलू नको, वल्हा घे."

आम्ही वल्ही मारली, होडीचं तोंड लाटेकडे धरलं. मागून येणाऱ्या दुसऱ्या होडीने दोर टाकला आणि ओढून खाडीत आणलं. कोणाला काही झालं नाही. पण सीझनचा पहिला आठवडा, जेव्हा भाव चांगला असतो, तो आमचा किनाऱ्यावर गेला. दुरुस्तीला साडेसात हजार गेले ते वेगळेच.

आणि चूक कोणाची होती? माझी. मे महिन्यात मोटर 'शास्त्रशुद्ध पद्धतीने' ठेवायचा हट्ट मीच धरला होता. इंटरनेटवर एक अमेरिकन व्हिडिओ पाहिला होता ना!

तर आजचा एपिसोड या चुकीबद्दल आहे. पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे ती चूक समजून घ्यायला आपल्याला आधी अमेरिकेत जावं लागेल, मग छत्रपतींच्या आरमारात, मग लंडनच्या एका प्रयोगशाळेत, आणि शेवटी पुन्हा काकांच्या पडवीत. चला.

बर्फाच्या देशातलं मशीन

होडीच्या मागे लटकवायची, हवी तेव्हा काढून खांद्यावर नेता येईल अशी मोटर. ही कल्पना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १८८१ मध्ये गुस्ताव्ह ट्रूव्हे नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या सीन नदीत एक होडी चालवली, तिच्या मागे काढता येणारी मोटर होती. आणि ती चक्क इलेक्ट्रिक होती, बॅटरीवर चालणारी! पुढे अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने पेट्रोलवर चालणारी मोटर बनवली, १९०७ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

पण घराघरात पोचलेलं नाव म्हणजे ओले एव्हिनरूड. नॉर्वेत १८७७ साली जन्मलेला आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात गेलेला हा मुलगा. त्याची गोष्ट नेहमी अशी सांगतात की, तळ्याकाठी पिकनिक होती, उकाडा होता, बेस नावाच्या त्याच्या मैत्रिणीला आइस्क्रीम खायचं होतं. ओले वल्ही मारत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेतलं, परत येईपर्यंत ते वितळलं. आणि वल्ही मारता मारता त्याच्या डोक्यात विचार आला, इथे मोटर का नको?

गोष्ट थोडी फिल्मी आहे, मान्य. पण मशीन खरं आहे. १९०९ मध्ये त्याची मोटर विक्रीला आली. दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड म्हणजे साधारण २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर. जाहिरातीचं आणि धंद्याचं काम बेसने सांभाळलं, तोवर ती त्याची बायको झाली होती. पुढे १९२० च्या सुमारास याच जोडीने ॲल्युमिनियमची, हलकी, दोन सिलिंडरची मोटर काढली. हा ॲल्युमिनियम शब्द लक्षात ठेवा, तो नंतर आपल्याला त्रास देणार आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. विस्कॉन्सिन म्हणजे गोड्या पाण्याची तळी आणि कडक हिवाळा. तळी गोठतात, होड्या बाहेर काढतात, मोटरी गॅरेजमध्ये जातात. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. मोटरच्या आत थोडं जरी पाणी अडकलं असेल, तर ते बर्फ होऊन धातूला तडा देतं. म्हणून मोटर ठेवायची तिकडची जी पद्धत तयार झाली, तिचं नावच 'विंटरायझेशन' आहे. म्हणजे हिवाळ्याची तयारी.

मला हे आमच्या कामासारखं वाटतं. एखाद्याने स्वतःच्या सर्व्हरसाठी डॉक्युमेंटेशन लिहिलेलं असतं. त्याच्याकडे ते शंभर टक्के बरोबर असतं. आपण ते कॉपी-पेस्ट करतो आणि आपल्या सर्व्हरवर आग लागते. कारण लिहिणाऱ्याने काय गृहीत धरलं होतं ते आपण वाचलेलंच नसतं.

आपल्याकडे 'छावणी' होती

बरं, मग आपल्याकडे काय होतं? मोटर नव्हती, पण 'ऑफ-सीझन' शेकडो वर्षांपासून होता. पश्चिम किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट समुद्र कोणाचं ऐकत नाही. शिडाची जहाजं असोत की तोफांची गलबतं, पावसाळ्याआधी बंदरात.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तुम्ही ऐकलं असेल. १८ व्या शतकाच्या सुरुवातीचा, राज्य कसं चालवावं हे सांगणारा ग्रंथ. त्यात आरमारावर एक अख्खं प्रकरण आहे, आणि त्यात आरमाराच्या पावसाळी मुक्कामाबद्दलही सूचना आहेत. त्याला शब्द आहे 'छावणी'. दर्या खवळण्याआधीच आरमार छावणीला न्यावं, आणि दर वर्षी एकाच बंदरात नेऊ नये, अशा अर्थाचं मार्गदर्शन त्यात आहे. म्हणजे जहाज उभं करून ठेवणं हे कामच आहे, सुट्टी नाही, हे तेव्हाच्या कारभाऱ्यांना पक्कं कळलं होतं.

छावणीवरून आणखी एक कागद आठवतो. चिपळूणजवळ लष्कराची पावसाळी छावणी होती, तिथल्या अधिकाऱ्यांना १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र. प्रसिद्ध आहे. त्यात दाणागोटा पावसाळाभर पुरवून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, हे तर आहेच. पण एक बारकावा असा की, रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. अख्खं राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतोय! मला हा तपशील वाचताना नेहमी वाटायचं, वा, काय नजर आहे. आता त्या उंदराशी माझी पर्सनल ओळख झालीय. ते पुढे सांगतो.

सामान्य कोळी, गाबीत, दालदी लोकांचीही स्वतःची छावणीच होती की. लाकडी होडी वर ओढायची, खालून खरवडायची, काजूच्या टरफलांचं नाहीतर माशाचं तेल चोपडायचं, वर माडाच्या झावळ्यांची झापं टाकायची. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि पुन्हा सुरुवात.

आज कायद्यानेही हाच काळ पकडलाय. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली पावसाळी बंदी येते. सध्या ती १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची. माशांची वीण होऊ द्यायची आणि माणसांचे जीवही वाचवायचे, असा दुहेरी हेतू. म्हणजे इंजिन असलेल्या प्रत्येक होडीला दर वर्षी सक्तीची दोन महिने झोप. आणि झोपवताना केलेली चूक लगेच कळत नाही, ती उठवताना कळते. तेही किनाऱ्यावर नाही, लाटेत.

मीठ, जस्त आणि हम्फ्री डेव्ही

मोटर केरळच्या आणि आपल्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात आली ती बरीच उशिरा. केरळात १९५० च्या दशकात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला, कोल्लमजवळच्या नींदकरा इथे. गंमत बघा, पुन्हा नॉर्वेच! पण तो भर होडीच्या पोटात बसणाऱ्या इंजिनांवर होता. मागे लटकणारी आउटबोर्ड छोट्या पारंपरिक होड्यांवर पसरली ती १९८० च्या दशकात, आणि बहुतेक जपानी बनावटीची. यामाहाने पहिली आउटबोर्ड १९६० मध्ये काढली होती. वीस-पंचवीस वर्षांत ती अरबी समुद्रात रोजची झाली.

म्हणजे गोड्या तळ्यासाठी सुचलेलं मशीन आता खाऱ्या पाण्यात होतं. आणि इथे ॲल्युमिनियमची गोष्ट येते.

आउटबोर्ड थंड कशी राहते, माहितीय? गाडीसारखा रेडिएटर नसतो. खाली एक रबरी पंखा असतो, तो समुद्राचंच पाणी ओढतो, इंजिनभर फिरवतो आणि एका छोट्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर टाकतो. म्हणजे इंजिनाच्या नसानसांतून खारं पाणी. इंजिन बंद केलं की आतलं पाणी गरम धातूवर सुकतं आणि मीठ तिथेच बसतं. पावसाळ्यात हवा इतकी दमट की ते मीठ ओलावा ओढून घेतं. दोन महिने मोटर कोरडी ठेवलीय असं आपल्याला वाटतं, आत ती खाऱ्या घामात भिजलेली असते.

शिवाय शरीर ॲल्युमिनियमचं, दांडा स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी तयार. त्यात कमजोर धातू झिजतो. कमजोर कोण? ॲल्युमिनियम.

यावरचा उपाय आउटबोर्डपेक्षा ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं जुना आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही हा इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ ब्रिटिश आरमाराच्या एका प्रश्नावर काम करत होता. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्रात ते तांबं खराब व्हायचं. डेव्हीने सांगितलं, तांब्याला जस्ताचा नाहीतर लोखंडाचा तुकडा जोडा. तो तुकडा आधी झिजेल, तांबं वाचेल. प्रयोग शंभर टक्के यशस्वी. तांबं अगदी शाबूत.

आणि तरीही काही वर्षांतच आरमाराने ते तुकडे काढून टाकले! का? तांबं थोडं थोडं झिजत होतं, त्याच्याच विषामुळे तळाला शिंपले आणि शेवाळ धरत नव्हतं. तांबं वाचलं आणि जहाजांना शिंपल्यांची दाढी आली, वेग गेला. एका प्रश्नाचं बरोबर उत्तर, पण जहाजाचा प्रश्न वेगळाच होता.

डेव्हीची कल्पना मात्र मेली नाही. तुमच्या आउटबोर्डच्या खालच्या बाजूला जो राखाडी धातूचा छोटा ठोकळा असतो ना, तो हाच. दुसऱ्यासाठी झिजणारा. त्याला रंग लावायचा नाही, कारण रंग लागला की तो झिजत नाही, मग इंजिन झिजतं. आमच्या मशीनचा ठोकळा मी उत्साहात मस्त निळा रंगवला होता. डेव्ही साहेब, माफ करा.

ऊस आणि समुद्र

आता माझ्या मुख्य गुन्ह्याकडे येऊ. अमेरिकन व्हिडिओतला माणूस म्हणाला, टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत हवा राहणार नाही आणि दमटपणाचं पाणी धरणार नाही. सोबत एक 'स्टॅबिलायझर' नावाचं रसायन टाका. मी मालवणात दोन दुकानं फिरलो, ते मिळालं नाही. म्हटलं, जाऊ दे, टाकी भरणं तर आपल्या हातात आहे. काका दर वर्षी टाकी रिकामी करायचे. मी म्हटलं, ते जुनं झालं.

तुमच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं हे तुम्हाला माहीत असेल. जून २०२२ मध्ये भारताने सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला, २०२३ पासून २० टक्केवालं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. हे इथेनॉल काही अंशी उसापासून येतं, म्हणजे आपल्या घाटावरच्या साखर कारखान्यांतूनही. इथेनॉलचा स्वभाव असा की, त्याला पाणी आवडतं. थोडं पाणी आलं तर ते पेट्रोलमध्ये जिरवून टाकतं. पण मर्यादेपलीकडे पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं, पाण्याला घेऊन खाली तळाशी जाऊन बसतं.

आमची टाकी पडवीच्या कडेला होती. झाकणावरचा हवेचा स्क्रू मी बंद करायला विसरलो. दोन महिने कोकणचा पाऊस. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

किनाऱ्यावर मोटर सुरू झाली, कारण नळीत वरचं चांगलं पेट्रोल येत होतं. तळाचं पाणी शांत पडून होतं. लाटेने टाकी हलवली, ते उसळलं आणि नळीत गेलं. आमची मोटर टू-स्ट्रोक, तिचं वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. ते तेल वरच्या थरात राहतं, खालच्या थरात जवळपास नाहीच. म्हणजे मोटर आणखी चालली असती तर आतून घासून कायमची गेली असती. बंद पडली हे त्यातल्या त्यात बरं.

संध्याकाळी काकांनी टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतलं आणि ओट्यावर ठेवलं. दहा मिनिटांत दोन थर. वरचा तेलकट, खालचा गढूळ. काका बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "खयचो व्हिडिओ बघलंस रे?"

मी सांगितलं, अमेरिकेचा.

"तेंच्याकडे बर्फ पडता. आपल्या इंजिनाक थंडी लागणा नाय. तेका मीठ लागता."

माझं चार वर्षांचं बीटेक एका वाक्यात.

पण एक सांगतो, काकांनाही सगळं माहीत नव्हतं. ते टाकी रिकामी करायचे, पण कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल तसंच राहायचं. पूर्वी चालून जायचं. हल्ली दोन वर्षं सीझनच्या सुरुवातीला मोटर पन्नास दोऱ्या ओढल्याशिवाय उठत नव्हती, आणि ते म्हणायचे मशीन म्हातारं झालं. मशीन म्हातारं नव्हतं झालं, पेट्रोल बदललं होतं. जुनी पद्धत जुन्या पेट्रोलसाठी होती. म्हणजे चूक माझी मोठी, पण धडा दोघांना.

यंदाची छावणी

या मे महिन्यात आम्ही दोघांनी मिळून मोटर झोपवली. तुमच्यापैकी कोणाच्या घरी होडी असेल तर ऐका.

एक, पिंपात गोडं पाणी भरून मोटर त्यात उभी केली आणि चालवली. बाजारात हेडफोनसारखे दोन रबरी कप मिळतात, ते पाणी ओढायच्या जाळीवर लावून नळाचं पाणीही देता येतं. पण पिंप स्वस्त. पिचकारीचं पाणी नीट येतंय ना, बघत राहायचं. पाण्याशिवाय मोटर चालवायची नाही, रबरी पंखा काही सेकंदांत जळतो.

दोन, पाण्यातच असताना पेट्रोलची नळी काढली आणि मोटर स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू दिली. मग कार्ब्युरेटरचा खालचा स्क्रू काढून उरलेले थेंबही काढले. टाकी रिकामी, सुकवलेली, स्क्रू बंद. उतरवलेलं पेट्रोल जोडीदाराच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला.

तीन, स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं आणि दोरी हळूहळू दोन-चारदा ओढली, म्हणजे आत सगळीकडे तेलाचा हात फिरतो.

चार, खालच्या गिअरचं ऑइल बदललं. जुनं ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर समजायचं, सील गेलंय आणि आत पाणी शिरतंय. आमचं तसंच निघालं! पंखा काढला तर दांड्याला नायलॉनची तंगूस गुंडाळलेली, तिनेच सील कापलं होतं. हे मे महिन्यात कळलं म्हणून बरं.

पाच, जस्ताचा ठोकळा नवा लावला. बिनरंगाचा.

सहा, मोटर लाकडी घोडीवर उभी ठेवली, म्हणजे आतलं पाणी आपोआप निथळतं. आडवी टाकली की पाणी भलतीकडे जातं.

आणि सात, उंदीर. गेल्या वर्षी मोटरच्या टोपाखाली उंदराने घर केलं होतं आणि एक वायर अर्धी कुरतडली होती. काकांना मी त्या साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पत्रातल्या उंदराची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. उठले, टोपाखालची फट बारीक जाळीने बंद केली आणि म्हणाले, "म्हाराजांका म्हायत होता."

मग त्यांनी आतून एक जुनं कॅलेंडर आणलं आणि पाठीमागे पेनाने तारीख लिहिली. ऑइल बदललं, सील टाकलं, ठोकळा नवा. त्याखाली मला सही करायला लावली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या मशीनचा काहीतरी कागद झाला.

३१ जुलैला मी परत गावी जातोय. मोटर पहिल्या दोरीत उठते का, ते पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला सांगतो. तुमच्या घरी पावसाळ्याआधी काय काय झोपवतात, होडी, पंप, नांगर, आजोबांची स्कूटर, ते व्हॉइस नोट करून पाठवा. कसं झोपवतात तेही सांगा, आणि ते कोणी शिकवलं ते आवर्जून सांगा.

तोवर, टाकीचा स्क्रू बंद करा. भेटूया!